गुंडीच्या वह्या

शिवणकाकूंचं दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला रुंद खिडकी, खिडकीला लागून पायमशीन, मागे कापायचं लांब टेबल आणि भिंतीभर खुंट्यांना लटकलेले निळे-पांढरे गणवेश. दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेतली निम्मी पोरं काकूंच्या हातचे कपडे घालून मोठी झाली होती. काकू त्यांना नावांनी कमी आणि मापांनी जास्त ओळखायच्या. "ती लांब हातांची आली नाही यंदा?" किंवा "त्या उतरत्या खांद्याला सांग, शर्ट झालाय," असं चालायचं. मूल दारात उभं राहिलं की त्यांच्या डोक्यात माप तयार असायचं. टेप लावायच्या त्या फक्त आईबापांच्या समाधानासाठी.

कपड्याच्या बाबतीत काकूंचा कुणावरही विश्वास नव्हता. दुसऱ्यानं शिवलेलं काहीही हातात आलं की आधी उलटं करून आतली शिलाई बघायच्या. माणसांच्या बाबतीत मात्र नेमकं उलट. एकदा एखाद्याला चांगलं म्हटलं की संपलं. मग आतून बघणं नाही, ओढून बघणं नाही.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली. तान्हेपणी ती आईच्या छातीला अशी चिकटून असायची की बापानं तिचं नाव गुंडी पाडलं. शाळेच्या दाखल्यावर वेगळं नाव होतं, पण ते दाखल्यावरच राहिलं. दीड वर्षाची असताना एकदा मोठी कात्री टेबलावरून पत्र्याच्या डब्यावर पडली. शेजारीण दचकून दारात आली, आणि गुंडी डब्याला पाठ करून चिंध्यांशी खेळत राहिली. त्या दिवसापासून काकू तिच्या पाठीमागे टाळ्या वाजवून बघायला लागल्या. महिन्याभरानं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. यंत्र लावूनही फारसा उपयोग होणार नाही.

काकू रडल्या, मग कामाला लागल्या. बोलायचं तर होतंच. दोन बोटांची कात्री केली की आई. हवेत गोल चाक फिरवलं की बाबा, कारण तो बस चालवायचा. गालावर मूठ म्हणजे झोप, नाक मुरडलं की शेजारीण, आणि ही खूण गुंडीची स्वतःची होती. चार वर्षांची होईपर्यंत असल्या शे-दीडशे खुणा जमल्या होत्या. गुंडी मशीनच्या फळीवर तळहात टेकवून बसायची, मशीन थांबलं की हात थरथरायचा थांबायचा, आणि ती लगेच खुणेनं विचारायची, संपलं? आता काय?

शाळेचं वय झालं तसा प्रश्न उभा राहिला. बहिऱ्या मुलांची शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. गुंडीच्या बाबांचं म्हणणं होतं, "मी नेईन. एक बस तर माझीच आहे." काकूंना ते पटत नव्हतं. जवळ शाळा असताना पोरीनं का म्हणून दीड तास धक्के खायचे? पण जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी हात वर केले. "आमच्याकडे सोय नाही," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

तेव्हा पहिलीच्या वर्गाच्या बाई धावून आल्या. बाई काकूंच्या जुन्या गिऱ्हाईक. एका बाहीच्या दुरुस्तीसाठी आल्या होत्या, खुंटीखाली बसलेली गुंडी बघितली आणि तिथेच खुर्ची ओढून बसल्या.

"ताई, ही माझ्या वर्गात येणार," बाई म्हणाल्या.

"सर नाही म्हणाले."

"सरांचं मी बघते. इतर मुलांचा हक्क आहे तेवढाच हिचाही आहे. कुणी मेहेरबानी करत नाहीये."

आणि बाईंनी खरोखर बघितलं. आठ दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीत खेटे घातले, वर अर्ज केला, आवाज चढवला. नवव्या दिवशी निरोप आला, गणवेश शिवा. काकूंनी मुलीचा गणवेश जितक्या निगुतीनं शिवला तितका कुणाचाच शिवला नसेल. बाई म्हणजे त्यांना देवमाणूस वाटल्या, आणि देवमाणसाची कुणी आतली शिलाई तपासत नाही.

बाईंनी एकच अट घातली. "घरी हातवारे बंद करा. हातांनी भागतंय म्हटल्यावर ती तोंडानं कशाला बोलेल? तिला ओठ वाचू द्या. सुरुवातीला त्रास होईल, पण मन घट्ट करा."

काकूंनी मन घट्ट केलं. गुंडीनं खूण केली की त्या तिचे हात धरून खाली करायच्या आणि ओठ मोठे मोठे हलवून बोलायच्या. पोर ऐकेना तेव्हा दोन-चारदा बोटांवर फूटपट्टी बसली. मारून काकूंनाच रडू यायचं, म्हणून त्यांनी दुसरा उपाय काढला. गुंडीचे हात उठले की त्या तोंड फिरवायच्या. खुणा बघायच्याच नाहीत. भिंतीकडे बघत उभं राहायचं, ती थांबेपर्यंत. महिना-दीड महिन्यानं गुंडी थांबली.

घर शांत झालं. काकूंना वाटलं, जमलं.

मग वह्या यायला लागल्या. काय ते अक्षर. मोत्याच्या सरी मांडाव्यात तसं. एक काना तिरका नाही, एक वेलांटी सुटलेली नाही. प्रत्येक पानाखाली बाईंच्या लाल शाईत 'शाबास'. पहिली झाली, दुसरी झाली, बाईच वर्गाबरोबर वर सरकत होत्या. गुण साठच्या खाली कधी आले नाहीत. तोंडातून मात्र चार वर्षांत तीनच शब्द फुटले, आई, पाणी आणि बाई, तेही घरच्यांनाच कळतील असे. "येईल हो, वेळ लागतो," बाई म्हणायच्या. काकूंनी कापडाच्या फडताळातला एक कप्पा रिकामा करून त्यात सगळ्या वह्या रचल्या. गिऱ्हाईक आलं की मापाआधी वही दाखवायच्या. ऐकू येणाऱ्या मुलांच्या आया तोंडात बोट घालायच्या आणि घरी जाऊन आपापल्या पोरांना झापायच्या. शाळेतही पाहुणे आले की गुंडीला पुढे उभं करून तिची वही हातोहात फिरवत. कुठल्याशा कार्यालयातून शाळेला कौतुकाचं पत्र आलं, सर्व मुलांना सामावून घेणारी शाळा म्हणून. ते चौकटीत बसवून मुख्याध्यापकांनी आपल्या खुर्चीमागे लावलं. 'सोय नाही' म्हणणारे हेच ते.

चौथीचा निकाल लागला, अडुसष्ट टक्के. सुट्टी संपायला चार दिवस उरले होते आणि काकूंच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात निळा दोरा संपला. काकूंच्या हातात अर्धवट कॉलर, दारात तिघीजणी उभ्या. त्यांनी खडूचा हात झटकला, एका चिठ्ठीवर लिहिलं, 'समोरच्या दुकानातून निळ्या दोऱ्याची दोन रिळं आण,' आणि चिठ्ठी गुंडीच्या हातात दिली. आजवर असं लिहून काम सांगायची वेळ आली नव्हती. हात धरून नेलं, बोट दाखवलं, की भागायचं.

गुंडीनं चिठ्ठी वाचली. निदान वाचल्यासारखी बघितली. मग टेबलावरची पेन्सिल घेतली, चिठ्ठी नीट सरळ केली आणि काकूंच्या घाईच्या अक्षराखाली तेच वाक्य आपल्या सुबक अक्षरात उतरवून काढलं. शेवटी पूर्णविराम दिला आणि चिठ्ठी आईपुढे धरली. शाबासकीसाठी.

दारातल्या बायका हसल्या. काकूही हसल्या. मग त्यांचं हसणं ओसरलं.

त्यांनी दुसरा कागद घेतला. 'पाणी आण.' गुंडीनं खाली लिहिलं, 'पाणी आण.'

'दार लाव.' गुंडीनं लिहिलं, 'दार लाव.'

काकूंनी तिघींना उद्या यायला सांगितलं, दार स्वतःच लावलं आणि कप्प्यातली वही काढली. चौथीची, भाषेची. अस्वलाच्या धड्यावरची प्रश्नोत्तरं होती, दीड पान, पाचही उत्तरं बरोबर. काकूंनी 'अस्वल' या शब्दावर बोट ठेवलं आणि तोंड, हात, डोळे सगळ्यांनी विचारलं, हे काय? गुंडीनं त्यांच्याकडे बघितलं, मग शब्दाकडे, आणि पेन्सिल उचलली. 'झाड' दाखवलं, तेव्हाही पेन्सिलच. 'मुलगी' दाखवलं, 'घर' दाखवलं. आकडे तिला येत होते, बेरीज येत होती, आपलं नाव ओळखत होती. आणि 'शाबास' ओळखत होती. त्या लाल शब्दावर बोट गेल्याबरोबर तिचा चेहरा उजळला.

काकू वह्यांच्या ढिगापुढे फरशीवर बसल्या. चार वर्षांच्या, सव्वीस वह्या. त्यांतला एकही शब्द त्यांच्या पोरीचा नव्हता. फळ्यावरची, बाकावरच्या शेजारणीच्या वहीतली, दिसेल ती रेघ तिनं तशीच्या तशी काढली होती. मोठी माणसं खूश होतात म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू शाळेत गेल्या. मुलं यायला अजून तीन दिवस होते. बाई रिकाम्या वर्गात भिंतीवर तक्ते चिकटवत होत्या.

"या ताई. गणवेश झाले का सगळे?"

काकूंनी वही आणि ती चिठ्ठी बाकावर ठेवली. "बाई, माझ्या पोरीला वाचता येत नाही."

बाईंचा हात तक्त्यावर तसाच राहिला. त्यांनी चिठ्ठी बघितली. त्या चकित झाल्या नाहीत, आणि तिथेच काकूंना कळायचं ते कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"बसा ना, ताई."

"कधीपासून?"

"पहिलीच्या सहामाहीपासून," बाई हळू म्हणाल्या. "मला वाटलं, मुलांमध्ये बसून बसून येईल. आज ना उद्या येईल. वर्गात बावन्न मुलं, ताई. अशा मुलांना कसं शिकवायचं ते मला कुणी शिकवलं होतं?"

"मग पेपर? अडुसष्ट टक्के?"

"शेजारी हुशार मुलगी बसवायची. मी दुसरीकडे बघायचे."

काकूंनी वही मिटली. बाईंनाच राहवलं नाही. आपणहून म्हणाल्या, "दुसरीत असताना बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या एक मॅडम आल्या होत्या बघायला. गुंडीजवळ अर्धा तास बसल्या. जाताना म्हणाल्या, हिला भाषाच मिळालेली नाही. आधी हिचे हात मोकळे करा, मग अक्षरं आपोआप येतील."

"दुसरीत."

"हो."

"दोन वर्षं झाली, बाई. मी दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तुम्ही एका शब्दानं सांगितलं नाहीत."

"कसं सांगणार होते? सांगितलं असतं तर तुम्ही तिला काढून नेलं असतं. सर म्हणाले असते, बघा, मी आधीच सांगत होतो. गुंडीच्या मागून आणखी दोघं आली शाळेत, तुम्हाला माहितीय. एकाला पायांनी चालता येत नाही, एकीला दिसत नाही नीट. गुंडीचं चांगलं चाललंय हे दाखवूनच मी त्यांना आत घेतलं. ते दार बंद झालं असतं."

"म्हणजे दार मिटू नये म्हणून माझ्या पोरीचा धोंडा लावलात तुम्ही मध्ये."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी काकूंनी लगेच पदरचं काही देऊ केलं असतं, पाणी, शब्द, निदान पाठीवर हात. या वेळी त्या उठल्या.

"तिला वर्गाबाहेर काढा असं म्हणायला आले नव्हते मी," त्या म्हणाल्या. "शिकवाल असं वाटलं होतं. नाही जमत म्हणाला असतात तरी चाललं असतं. दोघींनी मिळून काही केलं असतं. परक्या माणसानं गळा कापला तर माणूस ओरडतो तरी. तुम्ही केसानं कापलात."

काकू तशाच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटातून चार प्रगतिपुस्तकं काढून टेबलावर मांडली. "पालकांची सही. प्रत्येक सत्राला. तुमचीच आहे ना?"

सही काकूंचीच होती. कौतुकानं केलेली, ठसठशीत.

"मग चार वर्षांत तक्रार नव्हती, आणि आज पास झाल्यावर आहे. मी काय लिहू कुठे?" असं म्हणून ते थांबले. त्यांच्या खुर्चीमागे ते कौतुकाचं पत्र होतं. काकूंनी शाळा सोडल्याचा दाखला मागितला.

घरी पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. पुढच्या दारानं आत आल्या, चप्पल काढली, पाणी प्यायला मागे गेल्या आणि मागच्या दाराशीच थबकल्या. बाहेर कपडे धुवायच्या दगडावर गुंडी बसली होती आणि समोर तिचे बाबा. दोघांचे हात चालले होते. चालले कसले, धावत होते. गुंडी काहीतरी सांगत होती, भलं लांबलचक, कुणाची तरी नक्कल करत, आणि तो पोट धरून हसत होता. मग त्यानं हातानंच काहीतरी विचारलं, आणि तिनं मान उडवून उत्तर दिलं. काकूंना त्यातल्या चार-दोन खुणा कळल्या. बाकीच्या सगळ्या नव्या होत्या.

गुंडीचं लक्ष दाराकडे गेलं. क्षणात तिचे हात पाठीमागे गेले आणि चेहरा कोरा झाला. शाळेत पाहुण्यांपुढे असायचा तसा.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

नवरा उठून उभा राहिला. "बंद कधी झालंच नाही," तो म्हणाला. "माझ्या सुट्टीच्या दिवशी डेपोत न्यायचो ना तिला, तेव्हा. तिथे एक बहिरा मेकॅनिक आहे. त्यानं दोघांनाही शिकवलं बरंच."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही."

"तू बाईंचं ऐकायचीस. तुला सांगितलं असतं, तर हेही बंद झालं असतं."

चार वर्षं हे दोघं त्यांच्या पाठीमागे बोलत होते. त्यांच्याच घरात, त्यांच्याच पोरीला भाषा होती, आणि ती त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. राग यावा असंच होतं ते, आणि आलाही. पण हे लपवणं नसतं तर पोरीजवळ आज काहीच उरलं नसतं, हेही त्याच क्षणी दिसत होतं. बाईंवर ओरडता आलं असतं. इथे कुणावर ओरडायचं?

त्या गुंडीपुढे दगडाजवळ खाली बसल्या. दोन बोटांची कात्री केली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी. आई.

गुंडीनं बाबांकडे बघितलं. तो नजर चुकवत होता.

"काय झालं?" काकू म्हणाल्या. "हीच ना माझी खूण?"

"आधी होती," तो म्हणाला. "आता ती वेगळी करते."

"कशी?"

त्यानं नको म्हणून हात हलवला, पण गुंडीला प्रश्न कळला होता. तिनं सरळ समोर बघितलं, हनुवटी उचलली आणि तोंड एका बाजूला फिरवून घेतलं. खांद्यापर्यंत. मग पुन्हा आईकडे बघून वाट बघत राहिली, बरोबर केलं का म्हणून. तिच्या मनात काही खोट नव्हती. आईची खूण तीच होती.

पुढच्या आठवड्यात गुंडी दोन बस बदलून त्या दुसऱ्या शाळेत गेली. तिच्या दाखल्यावर चौथी पास होतं, पण तिथल्या मॅडमनी तासभर तपासून तिला पहिलीत बसवलं. या मॅडम वेगळ्या, स्वतः बहिऱ्या होत्या. दहा वर्षांची गुंडी सहा वर्षांच्या पोरांमध्ये डोकंभर उंच दिसायची. पहिले पंधरा दिवस तिनं तिथेही फळा उतरवून काढला. मॅडमनी वही मिटून ठेवली आणि हातांनी म्हटलं, हे राहू दे, तू सांग. तीन महिन्यांनी तिनं पहिल्यांदा स्वतःचं काही लिहिलं, 'काल बस उशीर मी राग.' अक्षर वाकडंतिकडं, घाईत काढलेलं.

शनिवारी पालकांचा वर्ग असायचा. काकू जायच्या. काज करणारी, डोळे मिटून सुई ओवणारी त्यांची बोटं तिथे ओंडक्यासारखी जड व्हायची. गुंडी आईची चूक दुरुस्त करायची, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा वैतागून बाबांकडे वळायची. काही सांगायचं झालं की अजूनही तिचे पाय आधी बाबांकडे जायचे. काकू त्याबद्दल काही म्हणत नसत. चार वर्षं काही चार महिन्यांत शिवून निघत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं. कधी निघतील की नाही, हे मात्र माहीत नव्हतं.

शाळेचे गणवेश त्यांनी सोडले नाहीत, पोरांचा त्यात काय दोष म्हणून. कमी दिसणाऱ्या त्या मुलीची आई मापाला आली, तेव्हा काकूंनी टेप बाजूला ठेवला आणि तिला बसवून घेतलं. "तुझ्या मुलीच्या वहीत काय लिहिलंय ते बघू नकोस," त्या म्हणाल्या. "वही बंद कर आणि तिलाच विचार." त्या बाईला हा तऱ्हेवाईकपणा वाटला असावा. पण दोन दिवसांनी ती शाळेत भांडायला गेली, असं काकूंच्या कानावर आलं.

सहामाहीच्या सुमारास एके दिवशी संध्याकाळी बाई दुकानात आल्या. हातात कापड नव्हतं, काही नव्हतं. दाराशीच उभ्या राहिल्या.

"गुंडी कशी आहे?"

"आत आहे," काकू म्हणाल्या. "तिलाच विचारा."

त्यांनी फरशीवर दोनदा पाय आपटला. आतून गुंडी आली. बाईंना बघून तिनं हात जवळ घेतले आणि ताठ उभी राहिली. बाईंचा चेहरा फुलला. त्या वाकल्या, तिच्या गालाला हात लावला आणि ओठ रुंद रुंद हलवत म्हणाल्या, "मला तुझी खूप आठवण येते. माझं चुकलं हं, बाळा." गुंडी त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती. मग तिनं हसून जोरात मान हलवली, दोनदा.

बाई काकूंकडे वळल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "समजलं तिला."

काकूंनी मशीनवरचा हात उचलला आणि लेकीला खुणेनं विचारलं, काय म्हणाल्या बाई?

गुंडीनं खांदे उडवले आणि दोन्ही तळवे उलटे केले.

"तिला नाही कळलं," काकूंनी बाईंना सांगितलं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. "पुन्हा सांगा. मी हातांनी सांगते तिला."

बाईंनी तोंड उघडलं. गुंडी एकदा त्यांच्याकडे, एकदा आईच्या हातांकडे बघत थांबली. मग बाई म्हणाल्या, "येते मी, उशीर होतोय," आणि पायरी उतरून गेल्या.

गुंडीनं खुणेनं विचारलं, कशाला आल्या होत्या?

'माफी मागायला', याची खूण काकूंना येत नव्हती. त्यांनी तिला जवळ बोलावलं, शेजारी बसवलं आणि जेवढं जमत होतं तेवढं सांगायला सुरुवात केली.